आत्याचा तंबोरा

आमच्या जुन्या शहरातल्या घराच्या माजघरात, देवघराच्या भिंतीला लागून, एक तंबोरा उभा असतो. त्याची गवसणी निळ्या जाड्याभरड्या कापडाची आहे. तिच्यावर तीन ठिगळे आहेत आणि तिसरे मी स्वतः लावलेले असल्यामुळे ते सर्वांत वाकडे आहे. घरी प्रथमच आलेला माणूस तिकडे पाहून, "आपल्याकडे कोणी गातं वाटतं?" असे हमखास विचारतो. मी "नाही" म्हणतो. ह्या उत्तराने त्याचे समाधान होत नाही, हे मला दिसते; पण पुढचे सांगायचे तर पुष्कळ मागे जावे लागते.

मोर्णा नदीने अकोल्याचे दोन भाग केले आहेत. पूर्वेला ताजनापेठ, रेल्वेचे स्टेशन आणि कचेऱ्या; पश्चिमेला असदगड, राजराजेश्वराचे मंदिर आणि त्यांच्या आसऱ्याने वाढलेले जुने शहर. आमची गल्ली ह्या पश्चिमेकडच्या भागात आहे. ती इतकी अरुंद, की एका घरात शिंक आली तर समोरच्या घरातून "शतायुषी हो" असा आशीर्वाद मिळावा. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत घड्याळे फार थोडी होती. पहाटे आत्याचा तंबोरा लागला, की समोरच्या काकू चूल पेटवीत.

आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहान वयातच वैधव्य आल्यामुळे ती माहेरी परतली होती. गाणे ती कोणा नामांकित गवयाकडे शिकली नव्हती. देवळातली कीर्तने ऐकून आणि गावातल्या एका संगीतशिक्षकांकडे दोन वर्षे जाऊन जे पदरी पडले, तेवढेच तिचे शिक्षण. पण १९५० च्या सुमारास तिने आपल्या हातांतल्या पाटल्या विकल्या आणि, "मला मिरजेला घेऊन चल," असे वडिलांना सांगितले. घरात ह्यावरून बरेच बोलणे झाले म्हणतात. पाटल्या मात्र तोवर विकून झालेल्या होत्या.

मिरजच का, हे सांगायला हवे. तंतुवाद्ये बनविण्याची कला त्या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नांदत आली आहे. तिचा प्रारंभ फरीदसाहेब ह्या शिकलगाराने केला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे आणि त्यांची निगा राखणारे कारागीर. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा त्यांच्या हातांतले कसब सतारी आणि तंबोऱ्यांकडे वळले, आणि पुढे त्यांच्या वंशजांचे आडनावच सतारमेकर झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, अब्दुल करीम खाँ ह्यांचे ह्या गावात वास्तव्य होते. अशा कानांपुढे ज्या गावातली वाद्ये वाजत आली, त्या गावचे कारागीर सहज संतुष्ट होणारे नसणार. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आत्याला ते कळले असते, तर ती म्हणाली असती, की आम्हांला हे आधीच ठाऊक होते.

मिरजेच्या दुकानात दुकानदाराने तिच्यापुढे एक जनानी तंबोरा ठेवला. स्त्रियांचा स्वर उंच असतो, म्हणून त्यांच्यासाठीचा तंबोरा आकाराने लहान करतात. पुरुषांचा मर्दानी तंबोरा लांब दांडीचा आणि मोठ्या भोपळ्याचा असतो. आत्याने तारा छेडल्या, षड्ज लावून पाहिला आणि मान हलविली. तिचा आवाज ढाला होता. कोपऱ्यातल्या एका मोठ्या तंबोऱ्याकडे तिने बोट केले.

"तो पुरुषांचा आहे, बाई."

"असू द्या. माझा आवाज त्यात बसतो."

हा प्रसंग वडील दर दिवाळीला सांगत आणि आत्या दर दिवाळीला, "पुरे झालं आता," असे म्हणे. पण शेवटपर्यंत ऐके. परतीच्या प्रवासात तिने भोपळ्याखाली स्वतःची उशी दिली. मिरज ते पुणे हा मार्ग तेव्हा मीटर गेजचा होता. पुण्याला गाडी बदलावी लागे आणि पुढे मनमाड, भुसावळ करीत अकोला येई. त्या सबंध वाटेत तिने तंबोरा हमालाच्या हाती दिला नाही.

तंबोऱ्याचा भोपळा खायच्या भोपळ्यांपैकी नव्हे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे खास ह्याच कामासाठी कडू भोपळे पिकवितात आणि ते वाळवून, कापून, त्यांवर लाकडाची तबली बसवितात. दांडी बहुधा तुणीच्या लाकडाची असते. तारा चार: पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या जोडाच्या आणि चौथी पितळेची, खर्जाची. ह्या चार तारा एका रुंद, सपाट दिसणाऱ्या घोडीवरून जातात. मात्र ती घोडी खरोखर सपाट नसते. तिच्या पाठीला डोळ्यांना दिसू नये इतका उतार असतो आणि कंप पावणारी तार त्या उतारावर अलगद टेकत राहते. त्यामुळे एका स्वराच्या पोटातून दुसरे अनेक स्वर उमलतात. ही 'जवारी'. चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनी १९२१ साली वीणेवर आणि तंबोऱ्यावर जे संशोधन केले, त्यात त्यांनी दाखवून दिले, की सामान्य तारेला लागू पडणाऱ्या नियमाने तंबोऱ्यातले काही उपस्वर ऐकूच येऊ नयेत, पण ते येतात, आणि ही किमया ह्या घोडीची आहे. तारेला बोटाने ज्या ठिकाणी छेडावे, तेथे जे उपस्वर स्थिर असतात ते गप्प राहावेत, असा नियम आहे. तंबोरा तो पाळत नाही.

जवारी जुळविण्यासाठी प्रत्येक तारेखाली सुताचा एक दोरा सरकवितात. कोणी त्याला 'जीव' म्हणतात. आमच्या वऱ्हाडात कापसाला काय तोटा! देवाच्या वाती वळताना आत्या त्याच कापसाचा एक धागा वेगळा काढून ठेवी. हा दोरा तांदळाच्या दाण्याइतका मागेपुढे झाला, तरी तंबोरा मुका होतो किंवा कर्कश होतो. ती डोळे मिटून दोरा सरकवीत असे आणि मध्येच तिच्या चेहऱ्यावर असा भाव येई, की हरवलेले मूल गर्दीत दिसावे.

मिरजेहून आलेल्या त्या वाद्याला आमच्या हवेशी जमवून घेणे सोपे गेले नाही. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांवर जातो. लाकूड आकसे, खुंट्या सैल होत आणि लावलेला षड्ज पाहता पाहता उतरू लागे. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून अशा घट्ट बसत, की त्या फिरविताना आत्याच्या कपाळावर शिरा उठत. उन्हाळ्यात ती खुंट्यांना खडू लावी. तो खडू मी शाळेतून आणीत असे. तो कोणाला विचारून आणीत असे की न विचारता, हे येथे सांगण्याचे कारण नाही.

त्या तंबोऱ्याची एक गोष्ट मला फार गूढ वाटे. गवसणीत बंद असताना, कोणीही हात न लावता, तो केव्हा केव्हा गुणगुणत असे. गल्लीतून वरात गेली, ढोल वाजला, की माजघरातून एक बारीक, लांबलेला स्वर येई. मला वाटे, आत कोणी बसले आहे. आत्याला विचारले, तर ती म्हणाली, "त्यालाही ऐकू येतं." बाहेरच्या नादात आपल्या जुळणीचा स्वर असला की तार आपोआप कंप पावते, हे शास्त्रीय कारण मी पुढे शाळेत शिकलो. ते खरेच आहे. पण आत्याचे उत्तरही मला काही चुकीचे वाटत नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती १९६२ च्या श्रावणातली. मी दहा वर्षांचा होतो. श्रावणातल्या अखेरच्या सोमवारी राजराजेश्वराला पूर्णा नदीच्या पाण्याचा अभिषेक होतो. त्यासाठी भक्तमंडळी आदल्या दिवशी गांधीग्रामला जातात आणि पंधरा-वीस किलोमीटरांची वाट पायी तुडवीत, खांद्यावर कावड घेऊन, ढोलताशांच्या गजरात परत येतात. रविवारी सायंकाळी आमच्या गल्लीतली मुले निघाली. त्यांचा आरडाओरडा ऐकून मी माजघरातून ओसरीकडे धावत सुटलो. आत्याने नुकताच तंबोरा लावून कोपऱ्यात टेकून ठेवला होता आणि ती देवळात गेली होती. माझे कोपर दांडीला लागले. तंबोरा भिंतीवरून घसरला आणि त्याचा भोपळा उंबरठ्याच्या दगडावर आपटला. फार मोठा आवाज झाला नाही. अक्रोड फुटावा तेवढाच झाला.

भोपळ्याच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती. मी इकडेतिकडे पाहिले. कोणी नव्हते. मी तंबोऱ्याला गवसणी घातली, नाडी बांधली, त्याला जागेवर उभे केले आणि ओसरीवर जाऊन उभा राहिलो. कावडीची मंडळी तोवर निघून गेली होती. त्या रात्री मी जेवलो नाही. पोट दुखते म्हणालो. आत्याने ओवा दिला.

दुसऱ्या दिवशी कावडी आल्या. ढोलांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी येताच माजघरातला तंबोरा नेहमीप्रमाणे बोलू लागला. पण त्या दिवशी त्याच्या स्वराला एक खरखर होती, वाळलेल्या पानावरून कोणी चालावे तशी. आत्या पोळ्या करीत होती. तिचा हात थांबला. तिने आधी तंबोऱ्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले.

गवसणी काढली, तेव्हा ती चीर पेराएवढी उरली नव्हती. चांगली चार बोटे लांब झाली होती.

"कधी झालं हे?"

"काल संध्याकाळी."

"कसं?"

"पडला," मी म्हणालो.

तिने एकेक खुंटी उलटी फिरवून चारही तारा सैल केल्या. मग ती म्हणाली, "कालच सांगितलं असतंस, तर रात्रीच तारा उतरवल्या असत्या. ताणलेल्या तारांनी रात्रभर चीर ओढली." एवढेच. तिने मला मारले असते तर बरे झाले असते, असे मला त्या दिवशी वाटले. आजही वाटते.

मिरजेला पुन्हा जाण्याइतके पैसे नव्हते आणि विकायला पाटल्याही नव्हत्या. गल्लीच्या टोकाशी एक सुतार राहत. त्यांनी भोपळ्यावरून हात फिरविला. "बाई, भोपळा जुडते, पन आवाजाचं मले काही समजत नाही," असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. सरस आणि लाकडाचा बारीक भुसा चिरेत भरून, वरून आत्याच्या जुन्या लुगड्याची पट्टी चिकटवून त्यांनी भोपळा सांधला. आठवडाभर पहाटे आमच्या घरातून स्वर आला नाही. समोरच्या काकूंची चूल रोज उशिरा पेटे आणि त्या मला विचारीत, "काहून रे, आत्याला बरं नाही का?"

तंबोरा पुन्हा वाजू लागला. पण त्याचा आवाज बदलला होता. तो किंचित जाड झाला होता आणि खर्जाच्या तारेशी एक अगदी बारीक कुरकुर राहिली होती. आत्या रोज पहाटे थोडा अधिक वेळ तो लावीत बसे. ती काय करीत असे, हे मी कधी जवळ जाऊन पाहिले नाही. मी पांघरुणात डोळे मिटून पडून राहत असे. वर्ष-दीड वर्षाने ती कुरकुर बहुतेक नाहीशी झाली. काळाने सर्व बरे होते, अशी तेव्हा मी माझी समजूत घालून घेतली.

आत्या गेली, तेव्हा तंबोरा माझ्याकडे आला. मला गाता येत नाही. मात्र तार तुटली तर बदलणे, दोरा सरकविणे, खुंट्यांना खडू लावणे एवढे तिने मला शिकविले होते. तिचा एक दंडक होता: तारा एका वेळी एकच बदलायची, चारही काढायच्या नाहीत आणि घोडी कधी जागची हलवायची नाही. घोडी तबलीला चिकटविलेली नसते. तारांच्या दाबानेच ती जागेवर राहते. हा दंडक मी निष्ठेने पाळला.

माझ्या पुतण्याचा मुलगा पुण्याला शिकतो. तो गिटार वाजवितो. त्याच्या गिटारीवर एक मोठा ओरखडा आहे; पण नवी घेऊ या म्हटले, तर तो नाही म्हणतो. एकदा त्याने मला बी. बी. किंग ह्या अमेरिकन गायकाची हकीकत सांगितली. १९४९ साली आर्कान्सा राज्यातल्या ट्विस्ट नावाच्या गावी, एका नृत्यगृहात ते वाजवीत होते. थंडीसाठी मध्यभागी रॉकेलचे पिंप पेटविलेले होते. दोन माणसांची मारामारी जुंपली, पिंप उलटले आणि आग भडकली. किंग बाहेर धावले. पण गिटार आत राहिली म्हणून पुन्हा त्या आगीत शिरले आणि ती घेऊन कसेबसे बाहेर आले. दुसऱ्या दिवशी कळले, की ते भांडण ल्युसिल नावाच्या स्त्रीवरून झाले होते. असला अविचार पुन्हा करू नये, ह्याची आठवण राहावी म्हणून त्यांनी गिटारीचे नाव ल्युसिल ठेवले. पुढे त्यांनी अनेक गिटारी वापरल्या आणि प्रत्येकीचे नाव ल्युसिलच होते.

"मग खरी ल्युसिल कोणती?" मी विचारले.

तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "सगळ्याच असतील, आजोबा."

मला ते पटले नाही. पण त्यावरून माझ्या मनात एक विचार आला. भोपळा बदलला तर? नाव तेच राहील, दांडी तीच राहील, तबली तीच राहील, आणि ती चीर मात्र राहणार नाही. तंबोऱ्याची जवारीही अलीकडे बसली होती. घोडीवर तारांनी चरे पाडले होते. निमित्त सापडले. गेल्या वर्षी फाल्गुनात आम्ही दोघे तंबोरा घेऊन मिरजेला गेलो.

सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराने गवसणी सोडली. वयाने तो माझ्या मुलासारखा होता. त्याने भोपळ्यावर बोटाच्या पेराने चार ठिकाणी वाजवून पाहिले आणि लुगड्याच्या त्या जुन्या पट्टीवरून अंगठा फिरविला.

"कसा फुटला होता, काका?"

"पडला होता," मी म्हणालो. "हा भोपळा बदलायचा आहे."

"बदलता येतो. आवाज चांगला येईल." थोडे थांबून तो म्हणाला, "हा येणार नाही."

"बदला," मी म्हणालो.

त्याने चारही तारा उतरविल्या आणि घोडी उचलली. मग तो तसाच थांबला. त्याने कुंचल्याने धूळ झाडली, तंबोरा खिडकीच्या उजेडाकडे वळविला आणि आम्हांला जवळ बोलाविले. घोडीखालच्या लाकडावर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. एक मधोमध होती, जुनी आणि पुसट. बाकीच्या आठ-नऊ रेघा तिच्या डाव्या अंगाला, म्हणजे चिरेपासून दूर, एकमेकींना खेटून होत्या. त्यांच्याजवळ मुंगीएवढी अक्षरे होती: 'चै', 'आ', 'का', पुन्हा 'चै', पुन्हा 'आ'. दुधाच्या हिशेबाच्या वहीतला तो 'च' मी कोठेही ओळखला असता.

"ज्यांनी हे केलं, त्यांना कान होता," कारागीर म्हणाला. "चिरेवर भार येऊ नये म्हणून घोडी बाजूला घेतली आहे. आणि उन्हाळा, पावसाळा, थंडी, जसं लाकूड हलेल तशी सरकवली आहे. चैत्र, आषाढ, कार्तिक. किती वर्षं चाललं असेल हे?"

मला उत्तर देता आले नाही. मला 'घोडी हलवू नकोस' असे बजावणारी आत्या स्वतः वर्षातून तीनदा ती हलवीत होती. मी पांघरुणात पडून ऐकत होतो, ते हे होते.

"भोपळा राहू द्या," मी म्हणालो.

त्याने का, असे विचारले नाही. कानस घेऊन तो जवारी घासायला बसला. घासायचे, तार चढवायची, ऐकायचे, तार उतरवून पुन्हा घासायचे, असे दुपारपर्यंत चालले. शेवटी घोडी हातात धरून त्याने विचारले, "कोणत्या रेघेवर ठेवू?"

अकोल्याला ऊन तापू लागले होते. "चैत्राच्या," मी म्हणालो.

त्या श्रावणात अखेरच्या सोमवारी मुलगा कावडी पाहायला अकोल्याला आला. गल्लीच्या तोंडाशी ढोल आले आणि माजघरातून तो लांबलेला स्वर उठला. त्याच्या बुडाशी एक बारीकशी कुरकुर होती. मुलाने मान वळविली. त्याचा कान चांगला आहे.

"आजोबा, हे त्या चिरेमुळे ना? पडला होता तेव्हाची?"

"पडला नव्हता," मी म्हणालो. "मी पाडला होता."